अ‍ॅप कोणाचं ते नंतर, आधी आपल्या गल्लीची उंची दाखवा

आमच्या नागपूरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय, नकाशा स्वदेशी वापरायचा की गूगलचा. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मॅपल्स या भारतीय नकाशा अ‍ॅपचं कौतुक केलं तेव्हापासून तर दोन पार्ट्याच पडल्यात. मी नेदरलँड्समध्ये बसून हे सगळं वाचतो आणि मला मनापासून वाटतं की आपण भलत्याच गोष्टीवर भांडतोय. आपल्या टॅक्सच्या पैशातून आपलं शहर मोजलं जातं, ती मोजणी आपल्याला बघायला मिळते का, हे कोणीच विचारत नाही.

23 सप्टेंबर 2023 आठवा. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेत असताना पाणी घरात. माझी काकू तिकडेच तळमजल्यावर राहते, फ्रिज, गाद्या, काकांची सगळी कागदं गेली. आपलं घर तलावाच्या सांडव्यापेक्षा किती खाली आहे हे तिला घर घेताना कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं शोधायचं म्हटलं असतं तरी कुठे शोधणार होती? इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो, चांगलीच गोष्ट आहे, पण तो 30 मीटरचा, म्हणजे 30 बाय 30 च्या चौकोनाला एकच आकडा. तेवढ्या जागेत आपल्याकडचे चार-पाच प्लॉट आणि समोरचा रस्ता मावतो, मग पाणी कोणाच्या दारात शिरणार हे त्यातून काय कळणार.

इथे नेदरलँड्समध्ये तोच डेटा अर्ध्या मीटरचा आहे. विमानातून लेसरने अख्खा देश मोजलाय, पुन्हा पुन्हा मोजतात, आणि 2014 पासून तो कोणीही फुकट घेऊ शकतो, शाळेतल्या पोरांपासून विमा कंपन्यांपर्यंत. मी घर भाड्याने घेताना सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून बघितलं की बांध फुटला तर इथे पाणी किती चढेल, आणि मगच सही केली. देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे यांना गत्यंतरच नव्हतं हे खरं, आणि यासाठी पाण्याचं वेगळं मंडळ आहे, त्याचा वेगळा टॅक्स दरवर्षी भरावा लागतो, तो चांगलाच जाणवतो. तरी मी तो आनंदाने भरतो.

यावर घरचे म्हणतात की बारीक नकाशे उघडे केले तर शत्रूच्या हाती लागतील. कॅन्टोन्मेंट, विमानतळ झाका ना, कोण नाही म्हणतंय! पण सक्करदऱ्यातल्या नाल्याचा उतार हे काय गुपित आहे? केंद्राच्या 2021 च्या नकाशाविषयक नियमांनी भारतीय कंपन्यांना परवानगीशिवाय बारीक मोजणी करायची मोकळीक दिली, म्हणजे कंपन्यांचं काम सोपं झालं, मग राहणाऱ्यांनाच का नाही? मला तर वाटतं खरी भीती प्लॉटचे भाव पडायची आहे. पडू देत. बुडणाऱ्या प्लॉटचा भाव आधीच कमी असायला पाहिजे होता, आज ते नुकसान घेणारा भरतोय आणि विकणारा मोकळा.

आणि हे नागपुरात होऊ नये याचं जास्त वाईट वाटतं. भारताची जमीन मोजणारी महासर्वेक्षण मोहीम सुरू करणारे ब्रिटिश अधिकारी लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरजवळच हिंगणघाटला वारले. आपला झिरो माईलचा दगडी खांब त्याच मोजणीशी जोडलेला. राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र नागपुरात, देशाचं मृदा सर्वेक्षण ब्यूरो नागपुरात, म्हणजे जाणकार माणसं बाहेरून आणायची गरजच नाही.

2022 च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात 2030 पर्यंत सपाट भागाचं 25 सेंटीमीटर अचूकतेचं उंची मॉडेल, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, करायचं ठरलंय. ते झाल्यावर नाग आणि पिवळी नदीच्या काठचे वॉर्ड सगळ्यात आधी लोकांसाठी उघडे करा, प्लॉट नंबर टाकला की उंची दिसली पाहिजे, मराठीत, मोबाईलवर. ग्रुपवर इतकं टाइप करतोच आहोत तर तेच आपल्या नगरसेवकाला लिहून पाठवा, मी मसुदा करून देतो.