टिंबाने गिळलेली ओळ

मॅन पेजमधली (युनिक्समधल्या आज्ञांच्या मदत-पानातली) आणखी एक ओळ गायब! फाइलमध्ये ढळढळीत आहे, पडद्यावर नाही. कुणीतरी परिच्छेद 'नीटनेटका' करायला गेलं, ओळी नव्याने मोडल्या आणि 'डॉट बॅशआरसी' हे टिंबाने सुरू होणारं फाइलचं नाव नेमकं ओळीच्या सुरुवातीला येऊन बसलं. तिथे टिंब दिसलं की ट्रॉफला, म्हणजे हे पान मांडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ती आज्ञाच वाटते. (एकेरी अवतरणचिन्हाचंही तेच.) त्या नावाचा मॅक्रो (आधी ठरवून ठेवलेली आज्ञा) नाही? मग बोंब मारायची ना! ग्रॉफ, म्हणजे ट्रॉफचाच नवा अवतार, गप्प. अख्खी ओळ गिळतो, ढेकरही देत नाही. इशारा हवा तर तो वेगळा पर्याय देऊन मागून घ्यायचा. वा रे वा.

विंडोजमधल्या फाइलचा पत्ता लिहिलात तर आणखी मजा. बॅकस्लॅशपुढे 'न्यू' हे फोल्डरचं नाव लिहा. बॅकस्लॅश, एन आणि ई म्हणजे रजिस्टर (आकडा साठवायची जागा) समजून त्या जागी शून्य छापलं जातं, उरतो एकटा डब्ल्यू!

उपाय काय, तर टिंबाआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड. बस्स. पण पुढचा टापटीपवाला 'हा काय कचरा' म्हणून तेच पुसतो. बिल्डमध्ये (फाइलींपासून पानं तयार होताना) आपोआप तपासणी घाला म्हटलं, तर आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या ऑफिसात ठरलेलं उत्तर, "बघूया, चवथीनंतर." चवथ झाली, दिवाळी झाली, आता कार्निव्हल आला. फाइलच्या माथ्यावर शेरा लिहून ठेवलाय, 'ही अक्षरं काढू नयेत.' वाचतो कोण?