राइडिंग स्कूल शोधताय? रिंगण राहू द्या, आधी लेसनचे घोडे बघा

आमच्यासारख्या घोडेवेड्यांचं एक असतं, नव्या शहरात अ‍ॅडमिशन मिळाली की आनंद व्हायच्या आधीच डोक्यात येतं की तिथे राइडिंगचं काय? रूम, टाइमटेबल, लायब्ररी वगैरे लागतं हो मार्गी, राइडिंग स्कूल नाही लागत. मी यातून गेलेय आणि आता ज्युनियर्स सारखं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मतं ठाम आहेत, पटली नाहीत तर खुशाल भांडा.

फोटो आणि रील्स बघून स्कूल ठरवू नका. झाकलेलं मोठं रिंगण, चकाचक ऑफिस, स्लो मोशनमध्ये जंप मारणारा घोडा, छान दिसतं सगळं, पण तो घोडा बहुतेक कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि तुमच्या वाट्याला येणार लेसनचा घोडा, जो रोज वेगवेगळ्या नवशिक्यांचे धक्के पाठीवर आणि हिसके तोंडावर सोसतो. त्याची अवस्था कशी आहे त्यावरून त्या जागेची खरी परीक्षा होते. म्हणून फोनवर फीच्या आधी एवढंच विचारायचं, मला नुसता एखादा रोजचा लेसन बघायला येता येईल का? आज नको उद्या या म्हणाले तर ठीक, त्यांचीही कामं असतात. पण बघायला येऊच देत नाहीत असं झालं तर माझ्या लिस्टमधून ती जागा कटाप.

आणि जायचं ते लेसनच्या जरा आधी, खोगीर चढवतात त्या वेळेला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळताना घोड्याचं तोंड बघा. कान मागे चपटे करतो का, मान वळवून चावायला येतो का, शेपूट झटकतो का. एखादा घोडा चिडका असू शकतो, म्हणजे लगेच तिथे छळ चालतो असं नाही. पण खोगीर नीट न बसणं, पाठदुखी, पोटातला अल्सर यांमुळेही घोडे असंच करतात, त्यामुळे मी घोड्यापेक्षा माणसाकडे जास्त बघते. मी एका ठिकाणी बघितलं, घोडी चावायला आली तर पोराने तिच्या नाकावर एक ठेवून दिली आणि तंग एका दमात खेचला, कोच शेजारी उभा राहून मोबाइल बघतोय. दुसरीकडे अशाच एका घोडीला मुलीने आधी खरारा केला, तंग सैलच लावला, चार पावलं चालवलं, मग एकेक भोक करत आवळला. घोडी तिथेही कुरकुरली, पण चावली नाही. मी तिथेच नाव घातलं, रिंगण पार साधं होतं तरी.

अजून थोडं बघायचं म्हणजे खोगीर काढल्यावर मानेच्या मागच्या उंचवट्याजवळ पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का, ते बऱ्याचदा खोगिराच्या जुन्या दाबाचे असतात. नाल सैल नाहीत ना, खूर वाढून फाटलेत का (साधारण 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद यायला हवा, आणि तुम्ही विचारलंत तर उत्तर पटकन मिळायला हवं). पाणी स्वच्छ आहे का. एवढं पुरे, तबेल्यात कोळिष्टकं असली तर असू दे.

आता कोच. फोनवर मला कँटर (दुडकीच्या पुढची, वेगाची दौड) येतो असं सांगितल्यावर पहिल्याच दिवशी थेट कँटर करायला लावणारा कोच मला नको. नव्या घोड्यावर, नव्या जागी, चांगला कोच आधी चालवेल, ट्रॉट (दुडकी चाल) करायला लावेल, कदाचित लंजवर घेईल, म्हणजे लांब दोरीवर घोडा त्याच्या हातात आणि तुम्ही लगाम सोडून नुसता तोल सांभाळायचा. काहींना हा अपमान वाटतो, मी कितीतरी वर्षं करतेय आणि मला लंजवर? अरे बाबा, कॉलेजच्या गडबडीत मध्ये गॅप पडलेली असते, मांड सुटलेली असते, घोड्याच्या पाठीला ते लगेच कळतं. जुन्या कोचची झेरॉक्स शोधत बसू नका, हेही सांगते, नव्याची पद्धत वेगळी असणारच.

वजन विचारलं तर रागावू नका, उलट विचारत नसतील तर खटकायला हवं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंत असावं असा ढोबळ हिशोब बरेच जण धरतात, म्हणजे 500 किलोच्या घोड्यावर सगळं मिळून 100 किलो. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्या, बाकी खर्च थांबू शकतात. तिथलं शेअरिंगचं हेल्मेट आधी किती वेळा आपटलंय कुणाला माहीत, आतला फोम एकदा दबला की बाहेरून काही दिसत नाही आणि पुढच्या वेळी वाचवेलच याची खात्री नाही.

शेवटचं, पैशांचं. सुरुवातीलाच मोठं पॅकेज घेऊ नका, डिस्काउंट कितीही गोड असला तरी. एकेक लेसन करून बघा, शक्यतो वेगवेगळ्या घोड्यांवर. जायला-यायला किती वेळ लागतो तो कॉलेज सुटायच्या वेळेला मोजा, रविवारी सकाळी नाही, नाहीतर सेमिस्टरच्या मध्यावर नुसते पैसे भरत राहाल आणि घोडा दिसणार पण नाही. आणि परीक्षेच्या काळात लेसन पुढे ढकलता येतात का ते पैसे भरायच्या आधी विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या, कारण तोंडी "हो हो, बघू की" म्हणणारे सगळेच असतात.