अडीच किलोची बाळं

परवा ओळखीतल्या एका मुलाने जिल्ह्याचा नकाशा पाठवला. सगळे तालुके हिरवेगार. खाली ठळक अक्षरांत, 'माता-बाल आरोग्यात लक्षणीय सुधारणा'. सोबत त्याचा मेसेज : "मावशी, तुम्ही लोक उगाच रडत असता. बघा की." म्हणून हे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नाही. एका संस्थेत अकरा वर्षं आकडे तपासायचं काम केलं. आशाताई, सिस्टर, अंगणवाडीच्या ताई जी रजिस्टरं भरतात ती बघायची, चुका काढायच्या, वर रिपोर्ट पाठवायचा. तालुका आदिवासी, पाडे लांब लांब, पावसाळ्यात निम्मे रस्ते बंद. नाव लिहीत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणी अजून नोकरीत आहेत.

पहिल्याच वर्षी एका उपकेंद्राचं प्रसूती रजिस्टर घेऊन बसले. जन्मवजनाचा रकाना असा : 2.5, 2.5, 3, 2.5, 2.6, 2.5, 2.5, 2.8, 2.5. पानामागून पान. पोटातली बाळं काही एकमेकांना विचारून वाढत नाहीत! पण अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ 'कमी वजनाचं' ठरतं. मग जादा भेटी, जादा कागद, आणि आढावा बैठकीत सगळ्यांसमोर 'तुमच्याकडेच एवढी का?' सिस्टरकडे स्प्रिंगचा काटा होता. झोळी रिकामी असतानाच त्याची सुई शून्याच्या पुढे उभी. "सव्वादोन आहे की अडीच, कुणी सांगावं मॅडम?" ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. फक्त संशयाचा फायदा दर वेळी अडीचलाच मिळत होता.

आणि त्याचा तोटा कुणाला? सव्वादोन किलोच्या बाळाला. कागदावर ते धडधाकट, म्हणजे त्याच्या घरी कुणी पुन्हा पुन्हा जाणार नाही, अंग गार पडलंय का बघणार नाही, दूध ओढतंय का विचारणार नाही.

गरोदर बाईच्या कार्डावरही तोच प्रकार. चार तपासण्या झाल्या की रकाना पूर्ण. पण चारही वेळा बीपी अगदी नॉर्मल, 110/70? तीस बायकांचं? एकीच्या पायावर बोट दाबलं तर खळगा राहत होता, चप्पल चढत नव्हती, आणि कार्डावर 110/70. बीपीचं मशीन दोन महिने बंद होतं, हे नंतर कळलं. तिला आठव्या महिन्यात वाढलेल्या बीपीचे झटके आले. बाई वाचली, बाळ नाही. त्या महिन्याच्या रिपोर्टात तिच्या तपासण्या 'पूर्ण' म्हणून मोजल्या गेल्या, आणि त्या रिपोर्टावर सही माझी होती.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळंच खोटं का? अजिबात नाही. सुधारणा झालीय आणि ती खरी आहे. राज्याचं मातामृत्यूचं प्रमाण 2014-16 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 61 होतं, 2018-20 मध्ये ते 33 वर आलं. तेव्हा केरळच्या 19 नंतर आपणच होतो. 108 ची गाडी, दवाखान्यातली बाळंतपणं, आशाताईंची पायपीट, हे सगळं त्यात आहे. पण हा आकडा राज्याचा आहे. तो देणाऱ्या नमुना नोंदणीतसुद्धा (निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणारी सरकारी पाहणी) मातामृत्यू इतके थोडे सापडतात, की तीन तीन वर्षांचे एकत्र करून मग प्रमाण काढावं लागतं. आता तालुक्याचं गणित करा. वर्षाला चार हजार बाळंतपणं, आणि दर 33 धरला तर मृत्यू होतात सरासरी एक-दोन. एका वर्षी शून्य, पुढच्या वर्षी तीन. शून्याच्या वर्षी सत्कार आणि तीनच्या वर्षी नोटीस, दोन्ही तितकंच अडाणीपणाचं. तालुक्यात बघायचं ते वेगळंच : दुखायला लागल्यापासून गाडी दारात यायला किती वेळ लागला, पोचल्यावर डॉक्टर होते का, रक्ताची पिशवी मिळाली का, तिसऱ्या दिवशी घरी कुणी गेलं का. ते एका पानावर मावतं, पण त्याचा हिरवा नकाशा होत नाही.

दवाखान्यातल्या बाळंतपणांचा आकडा सगळ्यांचा लाडका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात तो 2015-16 ला 90.3 टक्के होता, 2019-21 च्या फेरीत 94.7. छान. त्याच दोन फेऱ्यांत वयाच्या मानाने बुटक्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण 34.4 वरून 35.2 झालं, आणि रक्तक्षय असलेली बालकं 53.8 वरून 68.9 टक्के. (रक्तक्षयाच्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहे, बोटातून घेतलेल्या थेंबावर किती भरवसा ठेवायचा म्हणून. असू दे.) बाई दवाखान्याच्या दारातून आत गेली एवढं मोजणं सोपं, म्हणून आपण तेच मोजतो. आत काय झालं आणि घरी परतल्यावर काय झालं, ते मोजायला कुणाला तरी डोंगर चढावा लागतो.

तो डोंगर चढलेली माणसं आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायचा प्रयोग केला. 39 गावांत काम, आणि तुलनेसाठी 47 गावं. काम केलेल्या गावांत नवजात मृत्यू हजारी 62 होते, ते 25 वर आले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगभर गाजलं. पण मला त्यातलं भारी वाटतं ते वेगळं. सुधारणा करायच्या आधी त्यांनी मरणं नीट मोजली होती, जिथे काम करायचं नव्हतं त्या गावांतलीसुद्धा. आणि मोजायचं साधन मोजणारीच्या हातात बसेल असं केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजायचे, पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही. मग वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाई बरोबर मोजते, कारण चुकवण्यात तिचा काडीचा फायदा नाही.

याच प्रयोगावरून 2011 पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहाही झाल्या की 250 रुपये. पण त्या वेळच्या मूळ सूचनांतली एक अट वाचून मी थक्क झाले होते : बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप असली पाहिजेत. म्हणजे पाच वेळा चिखल तुडवत गेलेली आशाताई, बाळ पस्तिसाव्या दिवशी गेलं तर पैशाला मुकली. आणि बाळ गेलं हे कळवणार कोण? तीच. ज्या बाबूने हे लिहिलं त्याचा हेतू चांगलाच असेल, पण आकडा कसा सडतो हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

न मोजलेल्या बाळांचे आणखी रस्ते. जन्मून दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ 'उपजत मृत्यू', म्हणजे मेलेलंच जन्मलं, म्हणून लिहिलं की बालमृत्यू एकने कमी. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरची आशाताई म्हणते ती माहेरी गेली, माहेरची म्हणते ती आमच्या यादीत नाही. मध्ये बाळ गेलं तर दोन्ही गावं स्वच्छ. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्यांच्यापुढे 'स्थलांतरित'. सगळ्यांत हडकुळी पोरं नेमकी त्यांचीच, त्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे कुपोषण दरवर्षी 'कमी' व्हायचं. 2001 साली राज्यातल्या बालमृत्यूंवरच्या 'कोवळी पानगळ' अहवालाने हेच समोर ठेवलं होतं, की सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुलं मरतात. तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. अहवालाचं नाव अजून सगळ्यांना आठवतं, मोजणीची सवय मात्र लागली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या तालुक्यात नोंदलेले बालमृत्यू अचानक वाढले, तर पहिला फोन अभिनंदनाचा जायला हवा. दुसरा फोन 'आता काय करूया' विचारायला. नोटीस पाठवायचीच असेल, तर ज्याच्या रजिस्टरात सगळी बाळं अडीच किलोची आहेत त्याला पाठवा. आणि वर्षातून एकदा, ज्याचा पगार त्या आकड्यावर नाही अशा कुणीतरी घरोघर जाऊन पुन्हा मोजावं. सगळी घरं नकोत, थोडी पुरतात.

त्या उपकेंद्रात नंतर एका देणगीतून डिजिटल काटा आला. पहिल्या महिन्यातली नोंद मी स्वतः पाहिली. 2.31, 1.94, 2.78, 2.46, 3.02. रकान्याला पहिल्यांदा बाळांचा वास येत होता. कमी वजनाच्या बाळांची यादी एकदम लांबली, सिस्टर पाड्यापाड्यावर फिरायला लागली, 1.94 चं बाळ तिने आणि आशाताईने मिळून जगवलं. तिमाही आढाव्यानंतर सिस्टरला पत्र आलं : आपल्या कार्यक्षेत्रात कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण का वाढले, तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

तिने वहीचं पान फाडून लिहिलं, "बाळं पहिल्यासारखीच आहेत. काटा बदलला आहे." जावक क्रमांक टाकला, एक प्रत मला दिली. त्याचं उत्तर तिला कधी आलं नाही.