विम्याचे अडकलेले पैसे आणि आधी मागितले जाणारे शुल्क

सोसायट्यांच्या, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याचा आशय असा: बंद पडलेल्या किंवा विसरलेल्या विमा पॉलिसीचे पैसे कंपन्या दाबून ठेवतात आणि सामान्य माणसाला ते स्वतः काढता येत नाहीत; आता मात्र क्लेम मिळवून देणाऱ्या एजन्सी स्वतःहून फोन करतात, त्यांच्याकडे आपल्या पॉलिसीची सगळी माहिती असते आणि थोडे शुल्क आधी भरले की बोनससह पूर्ण रक्कम खात्यात जमा होते, शिवाय ते शुल्कही परत मिळते. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण भल्या हेतूनेच पाठवतात. म्हणूनच त्यातील एकेक विधान वेगळे काढून तपासायला हवे.

पैसे पडून आहेत, एवढा भाग खरा आहे. २०२३-२४ या वर्षात एकट्या एलआयसीकडे मुदत पूर्ण होऊनही कोणी न नेलेली सुमारे ८८० कोटी रुपयांची रक्कम होती, अशी माहिती सरकारने लोकसभेत दिली होती. परंतु पडून असलेली रक्कम म्हणजे दाबून ठेवलेली रक्कम नव्हे. पत्ता बदलतो, जुने बँक खाते बंद होते, पॉलिसीधारक जातो आणि कपाटातल्या कागदाची घरात कोणालाच कल्पना नसते. हजार रुपये किंवा त्याहून अधिक दावा न केलेली रक्कम असेल, तर ती शोधण्याची सोय प्रत्येक विमा कंपनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, असा नियम आहे. दहा वर्षे कोणी दावा केला नाही, तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होते. मात्र त्यानंतरही २५ वर्षांपर्यंत त्याच विमा कंपनीमार्फत ती मागता येते. त्यामुळे ‘आज सहापर्यंत पैसे भरले नाहीत तर रक्कम सरकारजमा होईल’ ही फोनवरची धमकी निराधार आहे.

ही रक्कम मिळवण्याची रीतही अवघड नाही. शाखेत जायचे, दाव्याचा अर्ज भरायचा, मूळ पॉलिसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडायचा. रक्कम थेट बँक खात्यात येते. त्यासाठी कंपनी शुल्क आकारत नाही. मूळ पॉलिसी हरवली असेल तर मुद्रांक कागदावर हमीपत्र करून द्यावे लागते, पण तो खर्च आपण मुद्रांक विक्रेत्याला देतो, फोनवरच्या अनोळखी माणसाला नाही. येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. एक-दोन हप्ते भरून वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या पॉलिसीवर लाखांचा बोनस जमत नाही. अशा अनेक जुन्या पॉलिसींचे काहीच येणे निघत नाही. ज्याला खरी रक्कम जाणून घ्यायची आहे, त्याने पॉलिसी क्रमांक घेऊन शाखेत विचारावे.

‘त्यांना माझा पॉलिसी क्रमांक, हप्ता आणि नॉमिनीचे नाव ठाऊक होते, म्हणजे ते खरेच असणार’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण सावध माणसेही याच ठिकाणी सैल पडतात. विम्याची माहिती एजंट, कॉल सेंटर, दस्तऐवज हाताळणारे ठेकेदार अशा अनेक हातांतून जाते. २०२४ साली स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची पॉलिसी आणि दाव्यांची कागदपत्रे टेलिग्रामवर उपलब्ध झाल्याचे उघडकीस आले होते. बोलणाऱ्याला आपली माहिती आहे, यावरून ती माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली एवढेच सिद्ध होते. ती देण्याचा अधिकार कोणाला होता, हे त्यातून कळत नाही.

पुष्कळदा फोन करणारा आपण आयआरडीएआयमधून किंवा विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या विमा लोकपालांच्या कार्यालयातून बोलत असल्याचे सांगतो. आयआरडीएआय ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था आहे. ती पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, हप्त्याची रक्कम गुंतवत नाही, आणि आपल्या नावाने येणाऱ्या अशा फोनांबाबत तिने स्वतःच लोकांना वारंवार सावध केले आहे. बोधचिन्ह, गोल शिक्का आणि अक्षरी रक्कम असलेले ‘मंजुरीपत्र’ व्हॉट्सॲपवर आले म्हणून त्यात तसूभरही फरक पडत नाही.

आता शुल्काविषयी, कारण सगळी मेख तेथेच आहे. सुरुवातीला ‘फाइल चार्ज’ म्हणून दोन-तीन हजार मागतात, कारण एवढी रक्कम घरात कोणाला न विचारता भरली जाते. ती भरली की जीएसटी, मग एनओसी, मग स्टॅम्प ड्यूटी, मग टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) अशी मागणी वाढत जाते आणि आधी भरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. यातील प्रत्येक कारण तपासले तर टिकत नाही. विम्याच्या दाव्याच्या रकमेवर पॉलिसीधारकाने जीएसटी भरायचा नसतो. तो हप्त्यावर लागत असे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरूनही तो उठवण्यात आला आहे. मुदतपूर्तीच्या करपात्र रकमेवर टीडीएस लागू होतो हे खरे, पण त्याचा दर रकमेतील उत्पन्नाच्या भागावर २ टक्के आहे आणि कंपनी तो कापून घेऊन उरलेली रक्कम देते. जी कंपनी आपल्याला चार लाख देणे लागते, तिला दहा हजार कापून घेणे अगदी सोपे असते. ते दहा हजार आपल्याकडून आधी मागून घेण्याचे कोणतेही प्रामाणिक कारण असू शकत नाही. पैसे पाठवण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते, तेही वाचावे. तेथे विमा कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचे किंवा कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचे नाव असेल, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

याच प्रकाराचे दुसरे रूप अधिक फसवे आहे. तुमचा बोनस जुन्या एजंटच्या कोडवर जातो आहे, तो कोड काढायचा असेल तर ‘सिक्युरिटी’ म्हणून एक नवी पॉलिसी घ्या, असे सांगतात. ही पॉलिसी खरी असते, पावतीही खरी येते, आणि सत्तरीतल्या पेन्शनरच्या गळ्यात वर्षाकाठी पन्नास हजारांचा हप्ता पडतो.

‘क्लेम फेटाळला गेला असेल तर एजन्सीशिवाय इलाज नाही’ हे विधान निदान विचारात घेण्यासारखे आहे, कारण फेटाळणीचे पत्र समजून घेणे सर्वांना जमत नाही. ओळखीच्या वकिलाचा किंवा ग्राहक संघटनेचा सल्ला घेण्यात गैर काहीच नाही. पण मार्ग मुळात आपल्यासाठीच खुला आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत आहेत. तेथे शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. महत्त्वाचे म्हणजे ही तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः किंवा त्याच्या वारसाने, नॉमिनीने वा पॉलिसी ज्याच्या नावे करून दिली आहे त्याने करायची असते. फोन करणारी एजन्सी यांपैकी कोणीच नसते. फेटाळणीनंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, आणि एजन्सीच्या ‘प्रोसेस चालू आहे’ या उत्तरांवर विसंबून राहिलेल्या लोकांची ही मुदत हातची निघून जाऊ शकते.

शेवटचे विधान मजकुरात नसते, पण फसलेल्यांच्या तोंडी असते: गेलेले पैसे गेलेच. तसे धरून बसू नये. फसवणुकीत पैसे पाठवल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवले, तर रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता असते, आणि येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. खोटे सांगून नवी पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करून, किरकोळ कपात वजा जाता, हप्ता परत मागता येतो. त्यानंतरही एक फोन येऊ शकतो. ‘तुमची फसवणूक झाल्याचे आम्हाला कळले आहे, ते पैसे आम्ही वसूल करून देतो, फक्त नोंदणी शुल्क भरा,’ असे सांगणारा हा माणूस पुष्कळदा पहिल्याच टोळीतला असतो किंवा त्याने एकदा फसलेल्यांची यादी तिच्याकडून विकत घेतलेली असते.