वंशावळ शोधायला आधी वंशावळ जोडा म्हणे!

वीस दिवसांनी अर्ज परत आला. पाठीवर लाल शाईत दोन ओळी. ‘गट नंबर नमूद नाही. वंशावळ जोडावी.’

मागितलं काय होतं? गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली एक जन्मनोंद, शके १८५३ ची. जमिनीचा उतारा नव्हे, जन्मनोंद! १९३१ साली जन्मलेलं पोर काय गळ्यात गट नंबर अडकवून जन्माला आलं? आणि तेव्हा गट नंबर होते तरी कुठे? तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदाच १९४७ चा, गावोगाव गट पडले त्याच्याही नंतर, तोवर सगळा कारभार सर्व्हे नंबरवर. म्हणजे जो आकडा जन्मालाच आला नव्हता, तो अर्जात हवा.

बरं, तेही गिळलं असतं. पण ‘वंशावळ जोडावी’? अहो, वंशावळ जुळावी म्हणूनच तर नक्कल मागितली ना! आडावर पाणी आणायला गेलं, तर म्हणे आधी घागर भरून आणा. खिडकीतले साहेब मात्र एकदम थंड. “लावा की हो काका. हातानं लिवा, स्टँपवर. सगळे तसंच लावतेत.” म्हणजे मी आधी मनानं पणजोबा ठरवायचे, त्यावर शपथ घ्यायची, आणि मग त्या शपथेच्या आधारावर हे मला कागद देणार, ज्यावरून कळणार की पणजोबा खरंच ते होते का. आणि ‘सगळे लावतेत’ ह्यातच सगळं आलं. सगळे खोटं लिहितात, तुम्हीही लिहा.

रजिस्टर शेवटी उघडलं तरी आत काय, हे ठाऊक असणाऱ्यालाच रडू येतं. आडनावाचा पत्ता नाही. ‘भीमा वल्द सिद्राम’, म्हणजे सिद्रामचा पोरगा भीमा, पुढे जात, पुढे तारीख. आमच्या सोलापुरात, सिद्धेश्वराच्या मुलखात, सिद्राम कोणत्या घरात नाही? एकाच वर्षात, एकाच गावात, एकाच जातीचे तीन सिद्राम, तिघांनाही भीमा. आईचं नाव तर लिहायचं असतं हे कुणाला सुचलेलंच नाही. सगळं मोडीत, दौतीत पाणी जास्त झालेल्या शाईत. मोडी वाचता येत नाही ही माझी चूक, कबूल. वर्ग लावला होता, ‘क’ची बाराखडी संपेपर्यंत टिकलो.

आणि सनांचा घोळ. शक असेल तर ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९०. जुन्या मराठी दप्तरातला सुहूर सन असेल तर ५९९. वर्षाच्या कोणत्या टोकाची नोंद आहे त्यावर आणखी एक इकडे-तिकडे. हे गणित कुणी करायचं? टंकलेखन करून देणाऱ्यानं तर नाहीच. फसली १३४१ चं त्यानं सरळ ‘सन १३४१’ करून दिलं, तर ते आजोबा बहमनी राज्य स्थापन व्हायच्या सहा वर्षं आधी जन्मले. दाखल्यावर गोल शिक्का, सही, सगळं कसं व्यवस्थित.

आपल्या जिल्ह्यात त्यातही गंमत अशी की गाव कुणाचं होतं हे आधी माहीत हवं. ब्रिटिश हद्दीतलं, की अक्कलकोट संस्थानातलं, की मंगळवेढ्यासारखं सांगलीकरांचं, की पलीकडे नळदुर्ग-तुळजापूरकडचं निजामाचं. सन बदलतो, लिपी बदलते. दहा मैलांवर नांदलेल्या दोन बहिणींच्या नोंदी दोन राज्यांत. आणि खिडकीत विचारा, तर “हितं न्हाई, तिकडं बघा.” तिकडे म्हणजे कुठे, हे सांगायला वेगळा अर्ज लागत असावा.

जमिनीच्या कागदांवर फार भरवसा ठेवू नका. सातबारा बघून खूश होतात लोक. सातबाऱ्यावर नाव असतं थोरल्याचं, पुढे ‘ए. कु. मॅ.’ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे तिघे भाऊ त्या तीन अक्षरांत गाडलेले. खरा माल असतो फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदवहीत, नमुना सहात, कर्ता मेल्यानंतरच्या वारस नोंदीत. तिथे पोरं नावानिशी आणि वयानिशी सापडतात. पोरी सापडतीलच असं नाही. सापडल्या तर ‘इतर हक्कात’ कोपऱ्यात, जावेच्या घरी आल्यासारख्या. पण फेरफार काढायचा तर नंबर हवा, नंबर हवा तर जुना सातबारा हवा, जुना सातबारा हवा तर... हो, बरोबर ओळखलंत. गट नंबर.

मिलचं तर नावच काढू नका. जुनी मिल १८७७ ची, ऐन दुष्काळात सुरू झालेली. गावं ओस पडत होती आणि इकडे भोंगा वाजत होता. अर्धं शहर त्या भोंग्यामागे आलेलं. मग कागद कुठे? “टिकिट नंबर सांगा.” म्हणजे कामगाराचा हजेरीचा नंबर. टिकिट नंबर ठाऊक असता तर माणूसच ठाऊक असता की! बिल्ला पोरांनी खेळून हरवला. खातं तरी सांगा म्हणतात. साचेखाता (विणकामाचा) की सूतखाता (सूत काढण्याचा)? घरात एवढंच माहीत, ‘मिलमध्ये होते.’ आणि बहुतेक ‘होते’ म्हणजे बदलीवर होते, कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी. बदलीवाल्याचं नाव कायमच्या मस्टरात शोधून डोळे फोडून घेतात लोक. बदलीचं रजिस्टर वेगळं असायचं, ते जपावं असं कुणाला वाटलं असेल तर शप्पथ.

वर नाव लिहिणारा कारकून. हत्तूरहून आला, लिही हत्तुरे. अक्कलकोटहून आला, लिही अक्कलकोटे. सख्खा भाऊ दोन वर्षांनी मधल्या गावात मजुरी करून आला, तर त्याचं आडनाव त्या मधल्या गावाचं. तेलुगु घराण्यांची आडनावं तर मराठी कानानं ऐकून अशी काही लिहिलीत, की त्यांच्याच माणसाला वाचून दाखवली तर तो “हे कोण?” विचारतो.

मिळण्यासारखं काय असतं, तर पीएफचा नॉमिनेशन फॉर्म आणि ग्रॅच्युइटीचा ‘एफ’ फॉर्म. त्यात बायको, पोरं, नातं, सगळं असतं. पण पीएफचा कायदा १९५२ चा आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. त्याआधी घरी बसलेल्याचं काहीच नाही. एखाद्याचा साच्यात जीव गेला असेल आणि घरच्यांनी १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागितली असेल, तर त्या फाइलीत अवलंबून असणाऱ्यांची नावं सापडू शकतात. म्हणजे वंशावळ हवी तर पणजोबांचा साच्यात जीव जायला हवा होता. आजी विड्या वळत असेल तर तिचं ओळखपत्र आणि लॉगबुक बघा; पान किती, तंबाखू किती, विड्या किती, सगळा हिशेब. माहेर? त्याला रकाना नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर हा शेवटचा आसरा. तिथे सगळा वर्ग १ जूनला जन्मलेला. मास्तरांचं बरं होतं, एकाच दिवशी वाढदिवस उरकला.

एवढा थयथयाट करतोय खरा, पण घरचं काय सांगू? पत्र्याच्या ट्रंकेत पगारचिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. टिकिट नंबर, खातं, पीएफ खातं, सगळं छापलेलं. घराला रंग द्यायच्या वेळी रद्दीत गेला, वजनावर. ज्याने घातला तोच हा लेख लिहितोय. सरकारी खोलीत वाळवी तरी प्रामाणिक आहे, ती वजन करून पैसे घेत नाही. उरलेला एक कागद, जुनं रेशन कार्ड, कुणा शहाण्यानं जपायचं म्हणून लॅमिनेट करून आणलं. प्लास्टिकच्या आत शाई वितळून नावाच्या जागी निळा ढग. लॅमिनेशनवाल्या त्या मशिनी एकदा सिद्धेश्वर तलावात बुडवल्या पाहिजेत. आणि चिकटपट्टीवाले त्यांच्यामागून.

ह्याच घरातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मात्र वंशावळ थेट शिवकाळाला भिडलेली आहे. मधल्या नऊ पिढ्या कुठल्या, विचारायचं नाही. वरचे सरदार पक्के, खालचे आजोबा १ जूनचे.

तर सोमवारी अर्ज पुन्हा नेतोय. गट नंबरच्या जागी ‘तेव्हा नव्हता’ असं लिहिलंय. वंशावळीच्या जागी ‘आपल्याकडून मिळताच जोडतो.’ कोर्ट फीचं तिकीट जुनंच आहे, त्यावर आधीचा शिक्का पडलेला. ते नवं लावा म्हणतील.