कॅलिफोर्नियाची मुलगी

काकांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कागदाचा फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "आज हे काम उरकलं." नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि मजकूर काकांच्या स्वतःच्या अक्षरात, साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर घोटलेलं अक्षर. लिव्हिंग विल. शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, वेदना मात्र होऊ देऊ नका. डॉक्टरांशी कुणी बोलायचं, तिथे नाव सुनेचं.

तासाभरात ग्रुप पेटला. "काका, असं अभद्र काय लिहिता?" "वास्तू तथास्तु म्हणत असते." शेवटी त्यांच्या मुलाचा, माझ्या चुलतभावाचा, लांबलचक निरोप आला. ही सगळी अमेरिकेतली फॅडं. तिथे म्हाताऱ्यांकडे बघायला कुणी नसतं, म्हणून त्यांना असले कागद लागतात. आपल्याकडे मुलं आहेत.

आपल्याकडे मुलं आहेत. तीन आठवडे झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. कामावर जाताना आठवतं, भांडी लावताना आठवतं, आणि दर वेळी मी मनातल्या मनात त्याला नवं उत्तर देते.

पहिलं उत्तर रागाचं होतं. फॅड अमेरिकेतलं कसं? ज्या खटल्यांनी भारतात हा हक्क आणला त्यांतल्या एकाची सुरुवात परळला, केईएम रुग्णालयाच्या तळघरात झाली. २७ नोव्हेंबर १९७३ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला आणि १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, ती मेंदूला इजा होऊन त्याच रुग्णालयात पडून होती. तिला अन्न देणं थांबवावं ही तिच्यासाठी केलेली मागणी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. केईएमच्या परिचारिका तिला मायेनं सांभाळत होत्या आणि त्यांचा त्या मागणीला विरोध होता. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं, की काही परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवता येतील, मात्र उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन. ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच आहे असं ठरवलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. सहीसाठी दंडाधिकारी गाठायचा कुणी? जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची. हे अभिरक्षक महाराष्ट्रात आपोआप नेमले गेले नाहीत. त्यासाठी मुंबईच्या डॉ. निखिल दातारांना उच्च न्यायालयात जावं लागलं. सन्मानाने मरण्याचा हक्क मागणारी संस्था तर माजी खासदार मिनू मसानींनी १९८१मध्येच मुंबईत काढली होती. आणि पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये औषध आणि अन्न नाकारलं आणि ऐन दिवाळीत देह ठेवला, तेव्हा ते कुठल्या अमेरिकेचं बघून?

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर घातली, इथली, मी राहते त्या अमेरिकेतली.

माझ्या शेजारी राहणाऱ्या आजी ८६ वर्षांच्या. हृदय थकलेलं. त्यांच्या फ्रिजवर नातवंडांच्या चित्रांच्या मधोमध भडक गुलाबी पोल्स्ट लावलेला असतो, म्हणजे कुठले उपचार करायचे आणि कुठले नाहीत हे सांगणारा डॉक्टरी कागद. डॉक्टरांची सही, त्यांची सही. ९११वाले, म्हणजे अँब्युलन्सवाले, आले की आधी फ्रिजकडे बघतात. मी कचऱ्याचा डबा आत आणून द्यायला गेले की त्या कॉफी पाजतात आणि त्या गुलाबी कागदाखालीच बसून नातवाच्या सॉकरच्या गप्पा मारतात. त्या कागदामुळे त्यांचं घर अभद्र झालेलं मी तरी पाहिलं नाही. इथे रुग्णालयात साधं गुडघ्याचं ऑपरेशन करायला गेलात तरी विचारतात, तुमचं डिरेक्टिव्ह, म्हणजे काकांनी केला तसला कागद, आहे का. १९९०च्या कायद्यानं विचारावंच लागतं. १५ एप्रिलची कर भरण्याची धावपळ संपली की दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, ग्रंथालयांमध्ये, चर्चमध्ये, सीनियर सेंटरमध्ये माणसं हे फॉर्म घेऊन बसतात. २०१६पासून डॉक्टरांनी या विषयावर पेशंटशी बोलण्यात घालवलेल्या वेळाचे पैसे मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, देतं. बोलण्याचे पैसे! आपल्याकडे आयसीयूच्या दाराबाहेर डॉक्टर दोन मिनिटं भेटतात, तेही चालता चालता.

भावानं एका ओळीत उत्तर दिलं. "तू तिथे बसून शिकवू नकोस."

मग मी गप्प बसले. गप्प बसल्यावर, लिहिताना वगळलेल्या गोष्टी समोर यायला लागल्या. इतके फॉर्म, इतकी ग्रंथालयं, आणि तरी २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अमेरिकेत तीन प्रौढांमागे साधारण एकानं असा कागद केलेला होता. फ्लोरिडात शुद्ध हरपलेल्या टेरी शायव्होच्या नवऱ्यात आणि आईवडिलांत, तिला अन्न देणारी नळी काढावी की नाही यावरून, वर्षानुवर्षं खटले चालले, राज्याच्या विधानसभेपासून काँग्रेसपर्यंत सगळे त्यात पडले, आणि २००५मध्ये ती गेली. तिला काय हवं होतं ते तिनं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत असं नाही. त्यांनी ही भांडणं आपल्या आधी केली, एवढंच.

भावाच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती, आणि मी ती ग्रुपवर मान्य केली नाही. काय नको ते कागद सांगतो. पण नळ्या नाकारल्यावर दम लागलेल्या माणसाजवळ रात्री कोण बसणार, मॉर्फिन कोण देणार? इथे हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्या सेवेची, नर्स घरी येते, औषधांचा डबा फ्रिजमध्ये ठेवून जाते, मध्यरात्री फोन उचलते. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे, केरळनं तर २००८मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, सरकारी धोरण करून ते गावागावात नेलं. पण साताऱ्यात काकांच्या दारात रात्री दोन वाजता कोण येईल, हे काकूला आजच ठाऊक असायला हवं. २०२४मध्ये केंद्र सरकारनं उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननंच हरकत घेतली, की यानं डॉक्टर कायद्याच्या कचाट्यात सापडतील. डॉक्टर घाबरलेले, नातेवाईक घाबरलेले. त्या दोघांच्या मध्ये पेशंट.

हे सगळं मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण मी त्या मधल्या जागेत माझ्या वडिलांना ठेवलं होतं.

अण्णा २०१६मध्ये गेले. मोठा स्ट्रोक, वर न्यूमोनिया. दादानं फोन केला तेव्हा माझ्याकडे दुपार होती, त्याच्याकडे मध्यरात्र. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की व्हेंटिलेटर लावला तर दिवस निघतील, अण्णा परत येणार नाहीत. दादा म्हणाला, "नको लावायला असं मला वाटतंय. घरी नेऊ का?" मी पार्किंग लॉटमध्ये उभी होते. मी किंचाळले. म्हटलं, लाव. काय लागेल ते कर, पैसे मी पाठवते, मी निघतेय, मी येईपर्यंत काही थांबवायचं नाही.

मी चौथ्या दिवशी पोचले. अण्णा अठरा दिवस होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते, गाठी मऊ पट्ट्यांच्या होत्या तरी मनगटावर वळ उठले होते. डायलिसिसच्या कागदावर सही करायला दादाचा हात उचलेना, मी केली. रोज डॉक्टरांना विचारायची, आणखी काय करता येईल. वहिनी बाहेर बाकावर बसून असायची, तिला कुणी काही विचारलं नाही. गेली सहा वर्षं अण्णांचं पथ्य, औषधं, रात्रीचं उठणं तिनंच केलं होतं.

याहून वाईट हे, की अण्णांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. शानबाग खटल्याचा निकाल आला त्या आठवड्यात, रविवारच्या फोनवर, पेपरातलं वाचून ते म्हणाले होते, "मला असं नळ्या लावून ठेवू नका हं." आणि मी काय म्हटलं? "अण्णा, शुभ बोला काहीतरी." ग्रुपवर ज्यांच्यावर मी चिडले त्यांच्याच तोंडचं वाक्य. ती गोष्ट मी दादाला कधी सांगितली नाही. अठरा दिवस आयसीयूबाहेर त्याच्या शेजारी बसून सांगितली नाही.

तीन वर्षांनी आमच्या ग्रंथालयातल्या १६ एप्रिलच्या सत्रात एक हॉस्पिस नर्स बोलत होती. ती म्हणाली, डॉक्टरांमध्ये एक शब्दप्रयोग रूढ आहे, 'डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया'. १९९१मध्ये वृद्धांच्या वैद्यकावरच्या एका अमेरिकी नियतकालिकात कॅनडातल्या डॉक्टरांनी तो लिहिला. जवळचे सगळे मिळून शांतपणे काही ठरवतात, आणि दूर राहणारं लेकरू विमानानं येतं, बरीच वर्षं न आल्याची टोचणी घेऊन येतं, आणि म्हणतं, सगळे उपचार झालेच पाहिजेत. कॅलिफोर्नियातले डॉक्टर अर्थात आपल्या राज्याचं नाव घेत नाहीत, ते न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. सभागृहात सगळे हसले. मी कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँटमध्ये राहते. मी उठून पार्किंग लॉटमध्ये गेले आणि गाडीत बसून राहिले.

म्हणून सांगते, आपल्याकडे मुलं आहेत हेच तर कारण आहे. ज्याला कुणी नाही त्याच्या उशाशी भांडायला तरी कुणी नसतं. काकांनी सुनेचं नाव घातलं यात मुलावर अविश्वास नाही. औषधाची वेळ तिला पाठ आहे, आणि 'नको' म्हणताना मुलाचा आवाज फुटणार नाही हे काकांनी ओळखलंय. त्या कागदानं त्यांनी मुलाच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. माझ्या अण्णांनी उतरवायचा प्रयत्न केला होता, मी उतरवू दिलं नाही. मी त्या अठरा दिवसांत अण्णांसाठी काही केलं नाही. जे केलं ते सत्तावीस वर्षं दूर राहण्याच्या हिशेबापोटी केलं, आणि त्याचे वळ त्यांच्या मनगटावर उठले.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. पण गेल्या रविवारी आईला विचारायचं ठरवलं. आई ८२ वर्षांची आहे. मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते, काकांचा विषय काढावा, मग हळूच तिच्यावर यावं. आईनं मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"माझं केलंय मी," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच. दादा आणि तुझी वहिनी होते बरोबर."

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तू ऐकलं नसतंस," ती म्हणाली. रागानं नव्हे. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

दादानं रात्री फोटो पाठवला. रेघी कागदावर आईचं अक्षर, खाली नोटरीचा शिक्का. नाव वहिनीचं. नळ्या नकोत, ऑपरेशन नको, शक्यतो घरी ठेवावं. शेवटून दुसरी ओळ अशी: "माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला यायला वेळ लागेल. तिच्यासाठी मला थांबवून ठेवू नये."

मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगत नाही. मग दादाला फोन केला. त्याचा आवाज जपून येत होता, जसा त्या रात्रीपासून माझ्याशी बोलताना येतो.

मी विचारलं, "याची प्रत नगरपालिकेत दिलीस का?"

"नाही अजून. द्यायला लागते?"

"लागते. उद्या देऊन टाक. आणि एक वहिनीच्या पर्समध्ये राहू दे."