‘चालणाऱ्या’ ताडाने जागा कधी सोडली?

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत आढळणारे सॉक्रेटिया एक्सोरायझा हे ताडकुळातले झाड दिवसाला दोन-तीन सेंटीमीटर, वर्षाला २० मीटर चालते आणि उत्क्रांतीने त्याला ही चाल उजेड गाठण्यासाठीच दिली, असा मजकूर सर्वत्र फिरतो आहे.

आधी हिशेब पाहू. दिवसाला दोन-तीन सेंटीमीटर धरले तर वर्षाला सात ते अकरा मीटर होतात. म्हणजे हे दोन आकडे आपसातच जुळत नाहीत. पनामातील बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टर जंगलातील झाडांच्या जागा २० मीटरच्या चौकटी आखून नोंदवलेल्या आहेत, १९८५ पासून साधारण दर पाच वर्षांनी त्यांची गणना होते आणि त्यांत हा ताडही आहे. दावा खरा असता, तर दोन गणनांच्या मध्ये प्रत्येक झाड पाच चौकटी पलीकडे सापडायला हवे होते.

खोडाला जमिनीपासून वर उचलून धरणाऱ्या आधारमुळांपैकी उजेडाच्या बाजूला नवी फुटतात, सावलीतली मरतात आणि झाड पुढे सरकते, हा दुसरा मुद्दा. मुळे मरतात आणि नवी येतात, एवढे खरे. परंतु खोड जिथे उभे आहे तिथेच राहते, कारण नवे मूळ झाडाला आधार देते, ओढून नेत नाही. कोस्टा रिकामध्ये या मुळांचा अभ्यास करून २००५ मध्ये तो प्रसिद्ध करणारे हेरार्दो आवालोस यांनीही चालण्याची गोष्ट दंतकथाच ठरवली आहे.

या कथेचा उगम मात्र अगदीच निराधार नाही. पेरूमधील निरीक्षणांवरून बॉडली आणि बेन्सन या संशोधकांनी १९८० मध्ये असे मांडले होते की, वरून फांदी किंवा झाड कोसळून आडवे झालेले कोवळे रोप खोडातून नवी आधारमुळे काढून मूळ जागेपासून थोडे दूर पुन्हा उभे राहू शकते. पण हे पडून सावरणे झाले; त्याला रोजची चाल म्हणता येत नाही.

उरला उत्क्रांतीचा मुद्दा. ताड एकदल असल्यामुळे त्याचे खोड इतर वृक्षांसारखे वर्षागणिक जाड होत नाही. तेव्हा बुंधा फारसा न वाढवता लवकर उंच होण्यासाठी रुंद बैठक मिळावी, हे या मुळांचे अधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. दाट जंगलात उजेड डोक्यावर असतो, आणि त्याच्याकडे जायची वाटही वरच जाते. त्याच वनांतील इरिआर्टिया डेल्टॉइडिया या जवळच्या नातलगालाही अशीच, फक्त अधिक दाट, आधारमुळे असतात. चालण्याच्या गोष्टीत त्याचे नाव मात्र तो फिरणारा मजकूर काढत नाही.